‘मुक्तवाल्यांना एमएला कोण घेतं?’

*ताई, नमस्कार.*

*मी कोरची तालुक्यातल्या एका गावचा. वय २६. दहावीपर्यंत आश्रमशाळेत शिकलो. बाबा आजारी पडले तशी अकरावी सुटली. दोन वर्षं नागपुरात बांधकामावर मिस्त्रीच्या हाताखाली काढली. गावी परतल्यावर सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी पास झालो आणि मग यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए केलं. ५४ टक्के आहेत. सध्या ग्रामसभेचे तेंदू आणि बांबूचे हिशेब मी लिहितो. एका हंगामात ठेकेदाराच्या मुनशीची बेरीज आणि माझी वही जुळेना. आम्ही तिघांनी घरोघरची कार्डं गोळा करून पुन्हा बेरीज केली, चूक त्याची निघाली आणि लोकांना पैसे मिळाले.*

*गेल्या हंगामात शहरातून एक मुलगी एमएच्या अभ्यासासाठी आली होती. आमच्याच घरी राहिली. माझ्या वह्या पाहिल्या, फोटो काढले, खूप प्रश्न विचारले. ती माझ्याहून लहान. तेव्हापासून वाटतं, हे मलाही जमेल. एका कॉलेजच्या सरांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, “मुक्तवाल्यांना एमएला कोण घेतं?” माझं इंग्रजी कच्चं आहे. घरी आई, लहान भाऊ आणि तीन एकर धान. आई म्हणते, करायचंच तर घरी बसून मुक्तचंच एमए कर. काय करू?*

*– एक वाचक, जि. गडचिरोली*

भाऊ,

आधी सरांच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण त्यांचं ते हसू तुमच्या मनातून गेलेलं नाही. मुक्तवाल्यांना एमएला घेतात. नियमाने घेतात, कुणाच्या मेहरबानीने नाही. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये राज्याच्या कायद्याने स्थापन झालं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीप्रमाणे, मान्यता असलेल्या मुक्त आणि दूरशिक्षण अभ्यासक्रमाची पदवी नियमित कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने हे पुन्हा जाहीर सूचना काढून सांगितलं. ती सूचना आयोगाच्या संकेतस्थळावर आहे. तिची छापील प्रत फाइलमध्ये ठेवा. प्रवेशाच्या खिडकीवरच्या कारकुनाने नाक मुरडलं, तर वाद घालण्यापेक्षा कागद पुढे करणं सोपं जातं.

तुमच्या बारावीबद्दलही मनात किंतु ठेवू नका. सतरा नंबरच्या फॉर्मने खासगी बसलात तरी परीक्षा बोर्डाची आणि प्रमाणपत्रही बोर्डाचंच. दहावी, बारावी आणि त्यावर तीन वर्षांची पदवी ही साखळी तुमची पूर्ण आहे. हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी मात्र एक गोष्ट सांगून ठेवते. ज्यांनी बारावी न करता पूर्वतयारी अभ्यासक्रमावरून मुक्तच्या पदवीला प्रवेश घेतला, त्यांनी ज्या संस्थेत जायचं आहे तिथे आधी लेखी विचारावं. पुष्कळ ठिकाणी नियमात बारावी स्पष्ट लिहिलेली असते. प्रवेशाच्या दिवशी ते कळलं तर वर्ष जातं.

५४ टक्क्यांना तुम्ही कमी समजता, असं पत्राच्या सुरावरून वाटलं. बहुतेक एमएंना ५० टक्के किंवा त्याच्या आसपासची अट असते आणि अनुसूचित जमातीला त्यातही सवलत असते. तुमचे गुण पुरेसे आहेत.

आता त्या वहीबद्दल. या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट तुम्ही दोन-तीन ओळींत उरकून टाकली आहे.

मुनशीची बेरीज आणि तुमची वही जुळली नाही, त्या वेळी तुम्ही नेमकं काय केलंत? मे महिन्यात पहाटे जंगलात जाऊन बायकांनी पानं तोडली, घरी ७०-७० पानांचे पुडे बांधले, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या जागी, आणून रांगेने मांडले. मोजणी झाली, घराच्या कार्डावर आकडा चढला. तोच आकडा मुनशीच्या रजिस्टरात गेला आणि तुमच्या वहीतही. एकच आकडा तीन ठिकाणी. दोन ठिकाणचे जुळेनात तेव्हा तुम्ही तिसरं ठिकाण, म्हणजे घरोघरची कार्डं, पुरावा म्हणून उभं केलंत आणि त्यावरून चूक कुठे शिरली ते शोधलंत. समाजशास्त्राच्या एमएच्या पहिल्या वर्षात संशोधन पद्धतीचा पेपर असतो. वेगवेगळ्या स्रोतांतून आलेली माहिती एकमेकींशी ताडून पाहायची, हे त्यात शिकवतात. वर्गातली बाकीची मुलं ते पुस्तकातून शिकतील. तुम्ही ते लोकांच्या मजुरीसाठी केलं आहे.

म्हणून प्रवेशाच्या अर्जातलं उद्देशपत्र याच प्रसंगावर लिहा. अशी उद्देशपत्रं मी बरीच वाचली आहेत. शंभरातल्या नव्वदांत ‘मला समाजाच्या तळागाळातील घटकांसाठी कार्य करायचे आहे’ असं एक वाक्य असतं आणि त्याने वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. तुम्ही त्या मोजणीबद्दल लिहा. कार्डं कुणी गोळा केली, कोणत्या घराने द्यायला नको म्हटलं, मुनशी काय म्हणाला, पैसे कसे परत आले. मग त्या प्रसंगातून निघालेला एक प्रश्न मांडा, ज्याचं उत्तर तुम्हाला अजून माहीत नाही. उदाहरणार्थ, पानं तोडणाऱ्या बहुतेक बाया आहेत, तर बोनस कुणाच्या नावाच्या खात्यात जमा होतो? तुमच्या वहीत घराचं नाव आहे की माणसाचं? का? हा प्रश्न मला सुचला, तुम्हाला याहून चांगले सुचतील. पहिला मसुदा मराठीतच लिहा. इंग्रजी नंतर बघू. विचार नीट उतरला की भाषांतराला मदत करणारा माणूस मिळतो. विचारच नसेल तर कितीही चांगल्या इंग्रजीने अर्ज तरत नाही.

मुलाखतीत ‘मधली वर्षं काय केलं’ असं विचारतील. बांधकामावर होतो, असं सरळ सांगा. झाकायला जाल तर आवाज पडतो आणि समोरच्याला तो पडलेला आवाज ऐकू येतो. प्रवेशाच्या वेळी बऱ्याच ठिकाणी शिक्षणातल्या खंडाचं (गॅपचं) प्रतिज्ञापत्र मागतात, तेही तहसीलला जाऊन आधीच करून ठेवा.

आईंचं म्हणणं मी हलकं घेत नाही. मुक्तचं एमए वाईट नाही. नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्या हजारोंना त्याने हात दिला आहे आणि तुमच्या जागी दोन लहान लेकरांची आई असती तर मी कदाचित तेच सुचवलं असतं. पण तुम्ही बीएची तीन वर्षं एकट्याने काढली आहेत. पुस्तकं आली, रविवारच्या संपर्क सत्राला जमेल तेव्हा गेलात, गृहपाठ लिहिले, परीक्षा दिली. स्वतःच्या बळावर वाचायचं कसं, ते तुम्हाला आता कुणी शिकवायला नको. तुम्हाला मिळाला नाही तो वर्ग. तुमच्या म्हणण्यावर ‘कशावरून?’ विचारणारा मास्तर, रात्री मेसमध्ये त्याच मुद्द्यावर भांडणारी पोरं, रात्री उशिरापर्यंत उघडं असलेलं ग्रंथालय. ती मुलगी तुमच्या घरी राहून इतके प्रश्न विचारू शकली, कारण असे प्रश्न विचारण्याची तिला वर्गात सवय लागली होती. दुसरी पदवीही घरी बसून घेतली तर कागद वाढेल, ही सवय लागणार नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: या वेळी घर सोडा. दोन वर्षांसाठी, वसतिगृह असलेल्या ठिकाणी.

हा रस्ता याआधी कुणी चाललंच नाही असं समजू नका. बुलडाणा जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातले राजू केंद्रे यांनी पदवी मुक्त विद्यापीठातून घेतली, नंतर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून पदव्युत्तर शिक्षण केलं आणि २०२१ मध्ये ब्रिटन सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनला गेले. त्यांनी उभी केलेली एकलव्य संस्था खेड्यातल्या, घरातून पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना अशाच प्रवेश परीक्षांसाठी मदत करते. वर्ध्यात नालंदा अकादमी आहे, तिथेही वंचित घरांतल्या मुलांची या परीक्षांची तयारी करून घेतात. दोन्हीकडे संपर्क करा. एकट्याने फॉर्म भरत बसू नका.

कुठे जायचं? टाटा संस्थेचं तुळजापूरचं केंद्र तुमच्यासाठी मला पहिलं वाटतं. ते धाराशिव जिल्ह्यात आहे, ग्रामीण विकासावरच भर आहे आणि वर्गात मराठी बोलणारी पुष्कळ मुलं असतात. टाटाचे एमएचे प्रवेश आता केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक परीक्षेवरून, म्हणजे सीयूईटी-पीजीवरून होतात. त्याच परीक्षेने अमरकंटकचं इंदिरा गांधी राष्ट्रीय जनजातीय विद्यापीठही खुलं होतं. हे आदिवासी समाजाच्या अभ्यासासाठीच उभारलेलं केंद्रीय विद्यापीठ आहे. छत्तीसगडच्या सीमेवर वाढलेल्या तुम्हाला तिथली भाषा परकी वाटणार नाही. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा वेगळी असते. शिक्षण इंग्रजीत आहे, पण घरच्या उत्पन्नाप्रमाणे फी, राहणं, जेवण या सगळ्याला ते मदत करतात. फीचा आकडा पाहून तो अर्ज सोडू नका.

जवळचं हवं असेल तर वर्ध्याचं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. १९९७ पासूनचं केंद्रीय विद्यापीठ, हिंदी माध्यम, समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण तिथे होतं. इंग्रजीची धास्ती फारच असेल तर हा अर्ज आधी भरा. गडचिरोलीतच २०११ मध्ये सुरू झालेलं गोंडवाना विद्यापीठ आहे. घरची अडचण अगदीच आली तर तिथे शिकणं यात कमीपणा नाही, उलट वह्या जवळ राहतील. तरी मी ते शेवटी ठेवलं, कारण तुम्ही एकदा तरी आपला मुलूख लांबून पाहावा असं मला वाटतं.

सीयूईटी-पीजीचे फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि परीक्षा मार्चच्या सुमारास होते. म्हणजे तेंदूच्या हंगामाआधी तुम्ही मोकळे. परीक्षा संगणकावर असते. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा, म्हणून ठोकताळ्याने टिचक्या मारत सुटू नका. बहुतेक प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीत असतात, मराठीत नाही. तुम्ही हिंदीतून द्या. ही परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या संकेतस्थळावर सरावाच्या परीक्षा असतात. त्या तालुक्याच्या सेवा केंद्रातल्या संगणकावर बसून सोडवा, मोबाइलवर नको. उत्तर येत असताना माऊसवर हात बसत नाही म्हणून गुण गेलेली हुशार पोरं मला माहीत आहेत. नागपूरचं केंद्र आलं तर आदल्या दिवशीच वडशामार्गे निघा. सकाळच्या एसटीच्या भरवशावर राहू नका.

इंग्रजीसाठी महागडा क्लास लावू नका. तुमच्याकडे एक कागद आहे जो तुम्हाला जवळजवळ पाठ असणार: २००६ चा वनहक्क कायदा. ग्रामसभेच्या कपाटात त्याचं मराठी भाषांतर असेल. मूळ इंग्रजी कायदा मोफत मिळतो. दोन्ही शेजारी ठेवा आणि रोज एक कलम वाचा. कलम ३ मध्ये सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क जिथे दिला आहे तिथून सुरुवात करा, मग कलम ५, मग ग्रामसभेचे अधिकार असलेलं कलम ६. अर्थ तुम्हाला आधीच ठाऊक आहे, त्यामुळे शब्दकोश फार उघडावा लागणार नाही. पुढे २०११ मध्ये तुमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार मिळाला, त्याबद्दल इंग्रजी वर्तमानपत्रांत आलेल्या बातम्या शोधा. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला, ती हकीकत तुम्ही गावात ऐकून असाल. ओळखीची गोष्ट परक्या भाषेत वाचली की भाषेची भीती लवकर जाते. एमएचे लेख अवघडच लागतील, पण ते नागपूर-पुण्याच्या मुलांनाही पहिल्या सहामाहीत अवघडच लागतात.

कागदपत्रांमध्ये सगळ्यात आधी जात वैधता. हातात नसेल तर याच आठवड्यात हालचाल करा. गडचिरोलीच्या तपासणी समितीला १९५० पूर्वीचे पुरावे दाखवावे लागतात. आजोबांचा शाळेचा दाखला नसेल तर कोतवाल पंजीतली जन्म-मृत्यूची नोंद शोधा, चुलत घराण्यात कुणाला वैधता मिळाली असेल तर तिची प्रत घ्या. यात महिने जातात. नाशिकहून पदवी प्रमाणपत्र आणि स्थलांतर प्रमाणपत्र मागवायलाही वेळ लागतो, तेही आत्ताच टाका.

पैशांसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन बसा. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात देणारी स्वयम् योजना आहे. तुम्ही निवडलेल्या संस्थेला आणि अभ्यासक्रमाला यातलं काय लागू होतं, ते नाव लिहून विचारा. एवढं मात्र धरून चाला की शिष्यवृत्ती उशिरा येते. पहिल्या तीन-चार महिन्यांचा खर्च हाताशी लागेल. त्यासाठी व्याजाने पैसे काढू नका. या हंगामाच्या तेंदूच्या मजुरीतून आणि बोनसमधून काही बाजूला ठेवता येतं का पाहा.

प्रवेश जुलैच्या आसपास होतात आणि तुमच्याकडे तेव्हा रोवणीचे दिवस असतात. ही अडचण खरी आहे, ती भावाच्या गळ्यात घालून निघून जाऊ नका. उन्हाळ्यातच बसून ठरवा की त्या पंधरवड्यात मजूर कोण, ट्रॅक्टर कुणाचा, तुम्ही किती पैसे देणार. आईची भीती मात्र धानाची नसावी. शिकायला गेलेली पोरं परत येत नाहीत, हे गावोगावच्या आयांनी पाहिलं आहे. तिला ‘मी येईनच’ असं वचन देऊन भागणार नाही. तिला दिसेल असं काही करा. जायच्या आधी गावातल्या दोन पोरींना वही लिहायला शिकवा. पुढच्या मेमध्ये फळीवर त्या बसतील आणि तुम्ही सुट्टीत येऊन त्यांच्यासोबत बेरीज तपासाल. तसंही ग्रामसभेचा हिशेब एकाच माणसाच्या हातात असणं बरं नाही, तो माणूस तुमच्याइतका सचोटीचा असला तरी.

आणि त्या मुलीला फोन करा. तुमच्या घरी राहून, तुमच्या वह्यांवर तिने जो प्रबंध लिहिला त्याची प्रत मागा. ती मागण्याचा तुम्हाला आणि तुमच्या ग्रामसभेला पूर्ण हक्क आहे. प्रत आली की पेन्सिल घेऊन वाचा. तुमच्या गावाबद्दल तिने काय बरोबर लिहिलंय, काय सुटलंय, कुठे तिला कुणीतरी अर्धवट सांगितलंय, ते समासात लिहीत जा. उद्देशपत्रासाठी जो प्रश्न लागणार आहे, तो त्या समासातच सापडण्याची शक्यता मोठी आहे. सापडला की मसुदा माझ्याकडे पाठवा. एक-दीड पानाचा असू द्या, मराठीत. मी वाचून खुणा करून परत पाठवते.

– तुमची ताई